दसऱ्याची तारीख

आता रात्री झोप लागते, म्हणून हे हसत सांगता येतंय.

पुण्याजवळच्या उरवड्याच्या आमच्या कारखान्यात पाइपांच्या सांध्यात बसवायच्या रबरी कड्या बनतात. मी मूळची लातूरकडची, कारखान्याचा निर्यात विभाग बघते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि कुरकुरणारा प्रिंटर. अमिरातीशी व्यापार करार झाल्यापासून दुबईच्या ग्राहकाला आमच्या मालावर आयात शुल्क भरावं लागत नाही. अट एवढीच की माल खरोखर इथंच बनलेला हवा, दुसऱ्या देशातून आणून नुसता आपला शिक्का मारलेला नको. तसं लिहून दिलेल्या कागदावर सही माझी असते.

गेल्या हिवाळ्यात तिकडच्या कस्टमचं पत्र आलं. खोक्यांवर उत्पादनाची जी तारीख आहे त्या दिवशी, मीच पाठवलेल्या सुट्ट्यांच्या यादीप्रमाणे, कारखाना बंद होता. मग माल आला कुठून? खुलासा होईपर्यंत त्यांनी सवलत थांबवली आणि ग्राहकानं पुढची ऑर्डर. तारीख दसऱ्याची होती. त्या दिवशी मी स्वतः खोलीवर श्रीखंड-पुरी खाऊन लोळत होते आणि नंतर खोक्यावरची तारीख डोळे झाकून कागदावर उतरवली होती.

तडक साच्यांच्या विभागात गेले, जिथं गरम प्रेसमध्ये रबर दाबून कड्या काढतात. तिथले मामा गावातलेच, त्यांच्या भाताच्या खाचरावरच कारखाना उभा आहे. तारखेचा शिक्का त्यांच्या ताब्यात.

"मामा, दसऱ्याला प्रेस चालू होता का?"

"न्हाई. नव्या साच्याची पूजा केली, नारळ फोडला आन घरी गेलो. माल तीन दिसांनी काढला."

"मग खोक्यांवर दसरा कसा?"

"मुहूर्त दसऱ्याचा व्हता ना. पयल्या मालाला मुहूर्ताचीच तारीख घालतुया आमी. लई वर्सं झाली."

इतकी वर्षं माल पुण्या-मुंबईत जायचा, तिथं कोण विचारणार? मला मामांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

हे कळल्यावर मॅनेजर दार लोटून घेत म्हणाले, "दसऱ्याची हजेरी तयार करा. चार माणसं कामावर दाखवा." माझी नोकरी पक्की व्हायला महिना राहिला होता. लाज वाटते, पण हजेरीचा कोरा कागद मी काढलाही. मामा काही विचारायला आले होते, ते टेबलापाशी थांबले.

"त्यावर माजं नाव घालू नगा. मी त्या दिशी पूजेला आलतो, कामाला न्हाई."

मी कागद फाडला. मॅनेजर म्हणाले, "मग तुमच्या जबाबदारीवर काय ते पाठवा." केरळच्या रबराची बिलं, दसऱ्यानंतरच्या दिवसांची प्रेसची नोंद, खरी हजेरी, विजेच्या मीटरचे आकडे, सगळं जोडलं. मुहूर्त म्हणजे काय ते इंग्रजीत लिहिताना घाम फुटला. प्रत्येक वेळी वाचताना ती थापच वाटायची. शेवटी सरळ लिहिलं, की पूजा त्या दिवशी झाली, माल नंतर बनला, चूक आमची आहे.

तीन आठवडे मी घरी फोनवरसुद्धा धड बोलले नाही. मग एका सकाळी पिरंगुटच्या चौकात बस अडकलेली असताना मेल आला. नोंदी जुळतात, सवलत पूर्ववत. मी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मीही घटाघट प्यायले. त्या दिवशी कारखान्यात कुणावरही चिडले नाही, प्रिंटरवरसुद्धा नाही.

गुढीपाडव्याला पुन्हा नवा साचा लागला. पूजा झाली, पेढे वाटले. दोन दिवसांनी पहिल्या मालाचे कागद टेबलावर आले, तेव्हा सही न करता मी माल खरंच आज निघतोय का ते बघायला खाली गेले.

"इस्वास न्हाई व्हय?" मामांनी विचारलं.

"आहे. पण सही माझी आहे."

प्रेसमधून नुकतीच निघालेली एक कडी मामांनी माझ्या तळहातावर ठेवली. चांगलीच तापली होती. या हातातून त्या हातात झेलत मी ती वर आणली, टेबलावर ठेवली आणि सही केली.