उम्मेहानीमावशीनं पटवलेली ओळख

टाकव्याच्या उम्मेहानीमावशीपुढे मी आजही हात जोडतो. भात लावणाऱ्या बाईपुढे वडगावच्या कचेरीतल्या कारकुनानं हात जोडायचे? असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे. मी तिला पाहिलंय.

चौदा सालची लढाई लागली, तेव्हा तिचा एकुलता एक महंमद मुंबईहून मालाच्या जहाजावर भट्टीत कोळसा टाकायला गेला होता. शत्रूनं ते जहाज धरलं आणि खलाशी स्वतःच्या लढाऊ जहाजांवर जुंपले. आपलं सरकार सोडा म्हणालं, तर शत्रू म्हणे, हे राजीखुशीनं आमच्या आरमारात आलेत, तुमचे कशावरून? अखेर लढाईत नसलेल्या एका देशाचा वकील मध्ये पडला. घरच्यांनी एक प्रश्न पाठवायचा, उत्तर जुळलं तर माणूस सुटेल, असं ठरलं.

प्रश्न लिहून घ्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी म्हटलं, अंगावरचा तीळबीळ सांग. तीळ कुणालाही दिसतो, म्हणाली. आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं, ते घरच्यांनाच ठाऊक. घरापुढच्या खाचरात तिच्या सासऱ्याचा रेडा रुतला होता, म्हणून ते 'रेडेबुडी'. तेच नाव तिनं विचारलं. खरं उत्तर मी पाकिटात घालून लाखेनं बंद केलं आणि पडताळ्यासाठी कचेरीत ठेवलं. आमच्या चिखलाचं नाव विचारायला राजाराजांचे वकील सात समुद्र ओलांडणार! माझ्या अंगावर काटाच आला.

आठ महिन्यांनी जबाब आला: 'वडाचं खाचर.' महंमद म्हणून जबाब देणाऱ्याजवळ महंमदचं नोकरीचं पुस्तक होतं, पण माणूस भलताच होता.

मावशी भिंतीला टेकून बसली.

"माजा गेला, भाऊ. जित्ता असता तर पुस्तक दुसऱ्याकडं कसं जातंय?" मग म्हणाली, "जबाब बरोबर हाय, असं लिवा."

मी चिडलोच. खोटं लिहून माझी भाकरी जाईल, म्हटलं.

"न्हाई म्हनलं तर त्यो पोरगा तितंच मरंल. त्येचीबी आई वाट बगत आसंल की."

बारा वर्षांत मी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पाकीट शेगडीत घातलं आणि लिहिलं, 'ओळख पटली.' तिनं अंगठा उठवला.

महंमद सुटला, अशी बातमी टाकव्यात पोचली. लोक तिचं तोंड गोड करायला आले. रडली असती तर बोभाटा झाला असता आणि तो पोरगा अडकला असता. काळजावर दगड ठेवून तिनं स्वतः घरोघर साखर वाटली. पोरगा मुंबईला उतरल्याचा कागद यायला सात महिने लागले. तो मी तिला वाचून दाखवला, तेव्हा कुठं तिनं लेकासाठी पहिला हंबरडा फोडला.