तिसऱ्या प्रतीचे अंगठे

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे, आणि ती अर्धी खोटी आहे. तुम्हाला पूर्ण सांगतो. का सांगतो, ते विचारू नका — मलाच धड कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायट्यांनी खाडीकाठच्या बागेत माझा सत्कार केला. बागेला दहा वर्षं झाली म्हणून. शाल, श्रीफळ, एक फ्रेम. ‘नागरिकांच्या एका अर्जाने काय घडू शकतं याचं जिवंत उदाहरण’ असं माझ्याबद्दल एक बाई माइकवरून म्हणाल्या. मी हात जोडले. हसलोसुद्धा. घरी येऊन शाल सोफ्यावर टाकली आणि बाथरूममध्ये जाऊन ओकलो. बायकोला वाटलं, कार्यक्रमातला बटाटेवडा बाधला. मीही हो म्हणालो — खोटं बोलण्याची सवय आता अशी झाली आहे की विचारसुद्धा करावा लागत नाही.

मी ठाण्यात एका सरकारी ऑफिसात कारकून होतो, आस्थापना शाखेत. माणूस सामान्य, पण अर्ज लिहावा तर मीच. ‘सविनय सादर’पासून ‘आपला कृपाभिलाषी’पर्यंत माझा मजकूर असा उतरायचा की साहेबलोक दोनदा वाचायचे. खोपटच्या एसटी डेपोपासून आमच्या गल्लीपर्यंत कुणाला नळाचा अर्ज लिहायचा असो की रेशनकार्डाचा, लोक माझ्याकडे यायचे. मला त्याचा किती माज होता! तेव्हा मी त्याला समाजसेवा म्हणायचो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही खाडीजवळच्या नव्या इमारतीत राहायला गेलो. इमारत, पुढे मोकळी जागा, तिच्यापलीकडे कोळीवाडा आणि खाडी. बाजूने एक नाला. वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना होता, त्याचं पाणी त्या नाल्यात सोडत. सोमवारी नाला लाल, गुरुवारी हिरवा. आमच्या घरातल्या भांड्यांवर काळी पुटं चढायची. पण आमची भांडीच काळी होत होती — कोळ्यांची मासळी मरत होती. बोईट उलटे होऊन तरंगायचे. तेव्हा आमच्या सोसायट्यांनी आणि कोळीवाड्याने मिळून कारखान्याविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. नागरिक समिती झाली, मी तिचा चिटणीस. मजकूर अर्थात माझा.

कोळीवाड्यातले अंगठे गोळा करून दिले ते पारूबाईने.

पारूबाई धवलारीण होती. त्यांच्याकडच्या लग्नात धवले म्हणणारी बाई — तिने गायल्याशिवाय तिकडे हळद लागत नसे. कोळीवाड्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात तिच्या आवाजाने झाली होती. तिने म्हटलं, अंगठा दे, की समोरचं माणूस हात पुढे करायचं. मी पाठीमागे स्टॅम्पपॅड घेऊन फिरायचो आणि ती एकेकीचं बोट धरून कागदावर दाबायची, मग आपल्याच लुगड्याला ते पुसायची. त्या दिवशी तिच्या लुगड्याचा काठ जांभळा झाला होता.

सुरुवातीला मी तिला म्हटलं, आधी मजकूर वाचून दाखवतो. तर म्हणाली, “माझ्या एकटीसमोर नको, भाऊ. सगल्यांसमोर वाचा.” मग देवळापुढे सगळ्या जमल्या आणि मी खड्या आवाजात वाचला. कारखाना, रंग, मेलेली मासळी, आमची रोजी. तो अर्ज त्यांनी ऐकला होता, समजून अंगठे दिले होते. हे लक्षात ठेवा.

आता माझ्या हुशारीचं सांगतो. असा अर्ज कसा असतो? पहिल्या पानावर मजकूर, आणि त्यामागे नुसते रेघा मारलेले कागद — अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. सगळं मिळून एका टाचणीत. मी अर्ज तीन प्रतींत केला. एक साहेबांना, एक त्यांच्या वरच्यांना, आणि तिसरी स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची. कुणीही स्थळप्रतीला नुसती नक्कल लावली असती. मी मात्र पक्का कारकून — तिन्ही प्रतींवर अस्सल अंगठे घेतले. प्रत्येकीने तीनदा अंगठा दिला. एका म्हातारीचा हात तिसऱ्या वेळी थरथरायला लागला, तरी मी सोडलं नाही. काम चोख हवं ना!

तिसरी प्रत माझ्या कपाटात राहिली. त्या कागदांना सुकटीचा वास येत होता. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, आणि ऑफिसात त्यावर विनोद केला की आमच्या समितीची स्थळप्रत तळून खाता येईल. सगळे हसले. त्या हसण्याची आज मला शिसारी येते.

कारखान्याविरुद्धच्या अर्जाला उत्तर आलं नाही. स्मरणपत्रं दिली, फेऱ्या मारल्या. नाला रंग बदलत राहिला आणि हळूहळू आमच्या समितीचं लक्ष नाल्यावरून उडून समोरच्या मोकळ्या जागेवर गेलं.

ती जागा कोळणींची वाळवणाची. जवळा, मांदेली, बोंबील — उन्हाळाभर तिथे पसरलेलं असे. वास यायचाच. अर्धी सोसायटी मासे खाणारी. संध्याकाळी पारूबाईच्या टोपलीतून सुकट घेणारे तेच आणि सकाळी वासाच्या नावाने नाक मुरडणारेही तेच. त्यात मीही होतो. माझा मेहुणा पुण्याहून आला, गॅलरीत उभा राहून म्हणाला, “खाडीचा देखावा आहे म्हणालात, वासाचं काही बोलला नाहीत.” एवढंच. एवढ्याशा वाक्याने मी आतून पेटलो! माणसं कशापायी काय करतात, आणि मी कशापायी केलं — एका मेहुण्याच्या वाकड्या नाकापायी.

समितीने ठरवलं, तिथे बाग हवी. ज्येष्ठांना बाकडी, मुलांना झोपाळे. एका साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “गावाची वहिवाटीची जागा आहे. त्यांचीच हरकत नसेल तर तसं लेखी आणा, मग बघू.” समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “आणतो.”

परत जाऊन पारूबाईला विचारायचं? तिने काय सांगितलं असतं, ते मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कपाटातून ती पिशवी काढली. टाचणी काढली. कारखान्याचं पहिलं पान बाजूला ठेवलं आणि नवं पान लिहिलं. ‘आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे ग्रामस्थ’, ‘आरोग्यास अपायकारक’, ‘स्वखुशीने व समजून उमजून’. अक्षर फार सुंदर आलं होतं. जुन्याच भोकांतून टाचणी घातली, म्हणजे दुसरी भोकं दिसायला नकोत. इतकी बारीक काळजी! ज्या हाताने हे केलं त्याच हाताने मी आज जेवतो.

चार महिन्यांत काम झालं. कारखान्याविरुद्ध ज्या अंगठ्यांनी कागदाचं पान हललं नाही, त्याच अंगठ्यांनी कोळणींचं वाळवण उचललं गेलं. तारेचं कुंपण पडलं. बायका ऑफिसात गेल्या तेव्हा त्यांना त्यांचेच अंगठे दाखवण्यात आले.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित पचवाल. एक नीच कारकून, एक नीच काम. पण मला जे सांगायचं आहे ते याच्यापुढे आहे.

गावकी बसली. देवळापुढे, त्याच जागी. बायका पारूबाईला धरून विचारत होत्या — तू आमची बोटं धरलीस, तू जागा विकलीस. तिने मला बोलावणं धाडलं. मी गेलो, न जाऊन भागलं नसतं. मला पाहून तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो चेहरा मला आठवायचा नसतो आणि तोच आठवतो. ती म्हणाली, “आले बगा. भाऊ, सांगा यांना. तो कागद आपला नाय. आपला कारखान्याचा व्हता.”

ती मला जाब विचारत नव्हती, हे कळतंय का तुम्हाला? तिला माझा संशयसुद्धा आला नव्हता. तिला वाटत होतं, ऑफिसातल्या कुणीतरी लबाडी केली आणि आता भाऊ आपल्या बाजूने उभा राहील.

माझ्या डोक्यात काय होतं? नोकरी. बनावट कागद, चौकशी, निलंबन. आणि खरं सांगायचं तर त्याहून आधी — चारचौघांत होणारी शोभा. मी घसा साफ केला आणि माझ्या उत्तम मराठीत म्हणालो, “अर्ज दोन होते. दोन्ही मी पारूबाईंना वाचून दाखवले होते. त्यांना सगळं माहीत होतं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “शिकलेला मानूस कनाला खोटा बोलंल?” आणि तिथेच निकाल लागला.

त्यानंतर तिला कुणी धवल्याला बोलावलं नाही. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. फक्त हळदी व्हायच्या आणि दुसऱ्या गावाहून दुसरी धवलारीण यायची. पारूबाई टोपली घेऊन कल्याणच्या बाजारात बसायला लागली. इथे तिच्याकडून कुणी घेत नव्हतं. मीही नाही. बायकोला मी सांगितलं की त्या बाईने आपल्याच लोकांना फसवलं. हीच ती अर्धी गोष्ट.

चारेक वर्षांनी पारूबाईच्या नातीचं लग्न निघालं. बाग तेव्हा चांगली फुलली होती. मी दुपारी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो आणि मांडवातून तिचा आवाज आला. आपल्या नातीचे धवले ती स्वतः म्हणत होती. धवल्यात कसं असतं — धवलारीण एक ओळ म्हणते आणि बाकीच्या बायका ती उचलतात. ती ओळ म्हणायची. थांबायची. बायकांना उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढीच थांबायची. कुणी उचलत नव्हतं. मग ती पुढची ओळ म्हणायची.

मांडव माझ्यापासून शंभर पावलांवर होता. गावकीतली माणसं, असतील नसतील ती, तिथेच आसपास होती. जिना उतरून जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. मी उठलो — आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. पूर्वी वाळवणाच्या वासाने लावायचो, तसं. वास तर केव्हाच बंद झाला होता.

पारूबाई दोन वर्षांपूर्वी गेली. कारखान्याविरुद्धच्या अर्जाचं तिसऱ्या प्रतीचं पहिलं पान अजून माझ्या कपाटात आहे. माझं सुंदर अक्षर, टाचणीची दोन भोकं, आणि मागे एकही अंगठा नाही.

ती दोन वाक्यं ही होती. दुसरा अर्ज मी तिला वाचून दाखवला नव्हता. तिला काहीही माहीत नव्हतं.