आत्यानं उभी केलेली झेंडी

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, ऑफिसच्या जिन्यात होतो. धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "आत्या गेली. पलूसला ये." दुःख झालंच. पण त्याच्याही आधी मला क्षणभर हायसं वाटलं... आता ते कुणाला कळणार नाही, असं. महिना होत आला, मला त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

आत्याचे यजमान फौजेत होते. छावणीत एकदा बायकांना नेमबाजी शिकवली, तेव्हा हिला जो नाद लागला तो कायमचा. ते गेल्यावर मळ्यात एकटी राहणाऱ्या या बाईनं छऱ्याची बंदूक आणली आणि सुट्टीत घरातली पोरं गोळा करून ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात न्यायला लागली. समोर विहिरीतून काढलेल्या मुरमाचा ढिगारा, त्याला टेकवलेला खोक्याचा पुठ्ठा, त्यावर ताटली आणि वाटी ठेवून काढलेली वर्तुळं. पोराच्या गालाला बंदुकीचा दस्ता नीट टेकवून ती सांगायची, "घाई केलीस तर मुरमाला लागंल. आन मुरमाला काय दुखत न्हाई गड्या." गावातल्या बायका हसायच्या. त्यांना म्हणायची, चुलीम्होरं बसून डोळं फुकट घालवू व्हय? तिचा नियम मात्र कडक. काठीला बांधलेलं लाल फडकं उभं आहे तोवर जमिनीवर आखलेल्या रेघेच्या पुढं कुणी जायचं नाही, आणि ज्यानं झेंडी उभी केली त्यानंच ती खाली घ्यायची.

एका दिवाळीच्या सुट्टीत झेंडी माझ्या हातात होती. माझा सोहम बंदुकीला गाल लावून बसला होता, आत्या त्याच्या खांद्याशी वाकलेली. भावाची तनू रेघेवर उभी, नजर झेंडीवर. तिला स्वतःचा पुठ्ठा बघायची घाई होती; सगळ्यांत चांगला नेम तिचाच होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. प्लॉटवाला होता. मी सहज काठी खाली टेकवली, आडवी केली आणि पाठ फिरवून बोलायला लागलो. तनू पळाली. सोहमला पुठ्ठ्याशिवाय काही दिसत नव्हतं. छर्रा तिच्या दंडात घुसला.

आत्यानं तिचा दंड पदरानं दाबला. मग जमिनीवरची झेंडी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि ती काठी स्वतः उचलून धरली. भाऊ आणि भावजय सुनीता घरातून धावत आले तेव्हा झेंडी तिच्या हातात होती. "माझं ध्यान न्हवतं," ती म्हणाली. मी गप्प राहिलो... दवाखान्यात छर्रा निघाला, बारीक वण राहिला. आत्याचा हात धरून मी नंतर म्हणालो, सांगतो त्यांना. ती म्हणाली, "पोराच्या म्होरं न्हाई सांगायचं. सवडीनं सांग." ती सवड मी काढलीच नाही.

त्यानंतर पोरं मळ्यात गेली नाहीत. म्हातारीला या वयात बंदुकीचं खूळ, असं भावकी बोलायची आणि मी मान हलवायचो. तनूनं पुन्हा बंदूक धरली नाही. आत्या मला फोनवर विचारायची, पोरं कवा येत्यात रं? मी परीक्षा सांगायचो. शेवटच्या भेटीत अंथरुणावरून तिनं विचारलं, तनू हात नीट वर करती का? मी हो म्हणालो. "मग आण की एकदा." मे महिन्यात आणतो म्हणालो. ती मे महिन्याची वाट बघत गेली.

तेराव्यानंतर मळ्यातल्या घराच्या सोप्यात मी भावाला आणि सुनीताला सगळं सांगितलं. तनू दारात उभी होती. भाऊ उठून विहिरीकडं निघून गेला. सुनीता तिथंच बसून राहिली. मग म्हणाली, "दादा, मी आत्यांच्या घरचं पाणी सोडलं हुतं. तुमी बघत हुता."



संध्याकाळी आवराआवर निघाली. दाराआड ती काठी भिंतीला टेकून उभी होती, फडकं धुऊन पुन्हा बांधलेलं. शेजारी पुठ्ठे, नवी वर्तुळं काढलेले. काठी माळ्यावर टाकावी म्हणून मी हात घातला. तनू मधे आली. म्हणाली, "राहू दे काका. आजीनं उभी केलीय."

मी हात मागं घेतला. झेंडी तिथंच आहे.