लकडगंजातला एचडीआर

जुन्या केबली आणि किस्से या दोन गोष्टी आमच्या ऑफिसात कोणी मुद्दाम आणत नाही, तरी वाढत जातात. केबलींसाठी निदान एक ड्रॉवर आहे. किश्शांना तोही नाही, म्हणून ते चहाच्या वेळी बाहेर पडतात. गेल्या वर्षभरातले निम्मे किस्से तर एकाच मॉनिटरचे आहेत.

ऑफिस म्हणजे नागपूरच्या लकडगंजात सागाच्या वखारीवरची एक लांबट खोली. खाली करवत चालते, वर आम्ही तिघं व्हिडिओचं काम करतो. रामटेके सर मालक आणि कॅमेरामन. तीस वर्षं लग्नं शूट केली, आता माहितीपट करतात. प्रणाली सव्वीस वर्षांची, आवाजाचं काम तिचं आणि यंत्रांची सगळी दुखणीही तिचीच. आणि मी एडिटर. सर माझ्याहून बारा वर्षांनी मोठे आहेत, तरी मला ताई म्हणतात.

नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांवर आमची एक फिल्म चालू होती. काम देणारी कंपनी विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतली. तिची एकच अट होती, फिल्म एचडीआरमध्ये पाहिजे. म्हणजे भर उन्हातलं पान आणि झाडाखालची सावली, दोन्ही एकाच चित्रात डोळ्यांना दिसतात तशी दिसली पाहिजेत. सरांचा कॅमेरा ते टिपत होता, पण आमचे जुने मॉनिटर ते दाखवत नव्हते. तेव्हा सरांनी माझ्या लॅपटॉपला जोडायला बत्तीस इंची नवा मॉनिटर आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत एचडीआर लिहिलेलं होतं. आम्हाला वाटलं, वायर लावली की झालं.

*

वायर लावली. सरांनी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एचडीआरचं बटण चालू केलं आणि अख्खं चित्र राखाडी झालं. जणू कोणीतरी पडद्यावरून ओलं फडकं फिरवलं होतं. झाडावरच्या संत्र्याकडे सर बराच वेळ पाहत राहिले.

"ताई, हे संत्रं आहे का बटाटा?"

त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी शांत होती. सरही शांत होते.

"मॅडम, एचडीआर बंद केला का चांगलं दिसून राहिलं. चालू केला का बिघडून राहिलं. मग मी चालू काहून करू?"

ती म्हणाली, "सर, हा प्रश्न बरेच जण विचारतात."

 दोन दिवस आम्ही राखाडी संत्री पाहिली. तिसऱ्या दिवशी प्रणालीने मॉनिटरच्या मागे हात घालून एक बारीकशी कळ शोधली. ती दाबल्यावर मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडला. त्यात एचडीआर वेगळाच होता, आणि बंद होता. लॅपटॉप पाठवत होता, मॉनिटर घेत नव्हता.

"सर, हे नवरा-बायकोसारखं आहे," प्रणाली म्हणाली. "एक बोलून राहिला, दुसऱ्यानं कानच बंद केले."

सर म्हणाले, "दोघांतला नवरा कोणता, ते नको सांगू."

*

दोन्हीकडचं बटण चालू झालं तेव्हा चित्राला रंग आला, आणि पाच सेकंदांत पडदा काळा झाला. परत आला, परत गेला. प्रणालीने ड्रॉवरमधून काढलेली आमची जुनी वायर हातात धरली आणि म्हणाली, "हिच्यातून एवढं जाऊन नाही राहिलं."

कोणती वायर चालेल हे बॉक्स वाचून कळेना, म्हणून तिने मॉनिटरच दुकानात न्यायचं ठरवलं. मी ऑटोत मांडीवर मॉनिटर घेऊन बसले, शेजारी ती लॅपटॉप घेऊन. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं.

"टीव्ही बिघडला का ताई?"

"नाही भाऊ, वायर बिघडली."

"मग वायरच न्यायची ना," तो म्हणाला, आणि सीताबर्डीपर्यंत पुन्हा बोलला नाही.

दुकानदार पन्नाशीचा, टीव्हीच्या भिंतीसमोर उभा असलेला माणूस. "मॅडम, वायर म्हणजे वायर. सगळ्या सारख्याच."

"मग सगळ्या काढा," प्रणाली म्हणाली.

काउंटरवर मॉनिटर उभा केला. पहिली वायर, काळं. दुसरी, राखाडी. तिसरीला चित्र आलं आणि लगेच गेलं. चौथी-पाचवीला दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही आमच्यामागे उभी राहिली. सातवी वायर लावली आणि चित्र टिकलं.

पडद्यावर नरखेडची विहीर होती. दुपारचं ऊन पाण्यावर पडून आतल्या दगडांवर हलत होतं. दगडांच्या फटीतलं शेवाळ हिरवं दिसत होतं आणि पाण्यावरच्या कवडशाकडे टक लावून पाहवत नव्हतं.  एका बाईच्या हातातला चार्जर तसाच राहिला.

दुकानदाराने हळूच मान वळवून आपल्या भिंतीवरच्या टीव्हींकडे पाहिलं. सगळे चालू होते.

"मग मी इतके दिवस काय दाखवून राहिलो लोकांले?" तो म्हणाला. आम्हाला नाही, स्वतःलाच.

*

सरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनीच शूट केलेली बाग, त्यांचाच कॅमेरा. पहाटेच्या दवाचा एक शॉट होता, पानाच्या टोकाला थेंब आणि थेंबात ऊन. सर खुर्चीत पुढे सरकले. तो शॉट चार वेळा पाहिला, मग खाली गेले. वीस मिनिटांनी आले ते थेट मॉनिटरसमोर बसले आणि पाचव्यांदा पाहिला.

मग म्हणाले, "ताई, लग्नात हॅलोजन मारला का नवरीच्या शालूवरची जर सगळी पांढरी होऊन जाये. एकेक बुट्टी कारागिरानं विणलेली, आणि माझ्या कॅसेटमध्ये नुसता पांढरा डाग. मी म्हणो, कॅमेरा आहे, त्याले एवढंच दिसते." मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "तीस वर्षं लोकायच्या घरची जर खाल्ली गा मी."

त्या संध्याकाळी त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. लग्नाला अठरा वर्षं झालेली. "वहिनी, तुमचा शालू आहे का अजून? मले एकदा शूट करू द्याल का?" ती बाई काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी सर कॅमेरा घेऊन गेले, हे मात्र खरं.

*

मी पुण्यातल्या माझ्या भावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पांढरट दिसतंय. मॉनिटर परत कर."

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून पाठवला. तर म्हणे, "आता निळं दिसतंय."

तेव्हा कळलं की ही गोष्ट पाठवता येत नाही. ज्याला पाहायची त्याने जिना चढून वर आलं पाहिजे. मग लोक येऊ लागले. पहिले आले वखारीचे मालक पटेलकाका. बागेतल्या पंपाच्या खोलीचं दार पडद्यावर होतं, सावलीतलं. काकांनी चष्मा वर केला, दाराजवळ तोंड नेलं. "सागवान आहे. खालून पाणी लागलंय. दोन वर्षं काढेल." आमच्या जुन्या मॉनिटरवर त्या जागी नुसता काळा चौकोन होता.

*

सुमनताई त्याच बागेच्या. फिल्ममध्ये त्या झाडाखाली उभ्या राहून बोलतात. बाग त्या स्वतः बघतात, कलम बांधण्यापासून फवारणीपर्यंत. भाचीच्या लग्नाच्या खरेदीला नागपुरात आल्या होत्या, सरांनी वर बोलावलं.

स्वतःचा चेहरा एवढा मोठा पाहून त्या आधी लाजल्या. पदर सारखा केला. मग हळूहळू त्यांची नजर स्वतःवरून उठून मागे गेली.

"थांबवा जी."

मी थांबवलं.

"जरा मागं घ्या. हं. ते काय चमकून राहिलं तिथं?"

त्यांच्या मागे चौथ्या ओळीतल्या झाडाच्या बुडाशी, गडद सावलीत, मोहरीएवढा पिवळा ठिपका होता. सर म्हणाले, "ऊन असंल, ताई. पानातून पडलं."

"ऊन नाही जी. डिंक आहे."

त्या उभ्या राहिल्या. झाडाला डिंक्या लागला की बुंध्याची साल कुजते आणि फटीतून डिंक गळतो, त्यांनी सांगितलं. वेळेत कळलं नाही तर कूज मुळात उतरते आणि भरलेलं झाड वाळतं. शॉट तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्यांनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"आपल्या धुऱ्याच्या बांधाकडून चौथी ओळ, बोअरच्या बाजूचं झाड. बुडाशी पाहा बरं, वाकून."

पलीकडे बराच वेळ नुसता चालण्याचा आवाज. मग फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "आहे वं. पण तुले नागपुरातून कसं दिसलं?"

सुमनताई पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "इथून चांगलं दिसते."

खरेदी तशीच सोडून त्या दुपारच्या एसटीने परत गेल्या. डिंक्या पाच झाडांना लागला होता. साल खरवडून बोर्डो मलम लावलं. चार वाचली, एक गेलं. आमची फिल्म कंपनीला आवडली, वेळेत गेली, तिचं कौतुकही झालं. पण सरांना कोणी त्या फिल्मबद्दल विचारलं तर ते आधी त्या चार झाडांबद्दल सांगतात.

*

प्रणालीचे आजोबा भाऊरावजी नागपुरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पडद्यामागे नाही, प्रेक्षकांच्या मागे, उंचावरच्या त्या गरम खोलीत. पस्तीस वर्षं त्यांनी प्रोजेक्टरचं मशीन चालवलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. ट्यूबलाइट लावली की नाही हे त्यांना कळत नाही. अंगणात कडक ऊन असलं तर तेवढं कळतं, कोणत्या बाजूला आहे ते.

एका दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत जाताना प्रणाली त्यांना ऑफिसात घेऊन आली. डॉक्टर नेहमीचंच म्हणाले होते, आहे तेवढं टिकवायचं. सरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "जयभीम, बाबा. शाळा बुडवून तुमच्या टॉकीजले येत होतो मी."

"मग मीच बिघडवलं तुले," भाऊरावजी म्हणाले.

चहा आला. सरांनी विचारलं, "बाबा, मशीनमध्ये बल्ब केवढा राहे?"

"बल्ब नव्हता गा. कार्बनच्या दोन कांड्या. समोरासमोर आणायच्या, ठिणगी पडली का सूर्यासारखा उजेड. मग त्या जळत जात तशा सरकवत राहायच्या. अंतर चुकलं का पडदा पिवळा, आणि पब्लिकच्या शिट्ट्या." त्यांनी हवेत दोन बोटं एकमेकांजवळ आणली. "पिच्चर कोणता, मले नाही मालूम. मी उजेड पाहो."

सर उठले. खिडकीचा पडदा ओढला आणि भाऊरावजींची खुर्ची मॉनिटरसमोर आणली, अगदी दोन हातांवर. प्रणाली हळू आवाजात म्हणाली, "सर, त्यायले दिसत नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले. मला खूण केली.

मी बागेतला सूर्योदय लावला. सुरुवातीला काळोख आहे, धुकं, झाडांच्या रांगा. भाऊरावजी कार्बनबद्दल बोलतच होते, कोणत्या कंपनीचा टिकायचा, कोणता तडतडायचा. दोन झाडांच्या मधून सूर्य निघाला आणि धुक्यावर पसरत पडदाभर झाला. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड मला बाजूने दिसत होता. ते वाक्याच्या मध्येच थांबले.

खाली जेवणाची सुट्टी होती, करवत बंद होती.

त्यांनी मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे. मग अगदी हळू विचारलं, "कार्बन कोणी लावला?"

 त्यांनी उजवा हात वर केला. मशीन लावल्यावर ऑपरेटर झोतात हात धरून पाहतात, तसा. डोळे आणि पडदा यांच्यामध्ये त्यांनी तो पसरला. डोळे गेल्यानंतर, गेल्या पाच-सहा वर्षांत सांधेदुखीने त्यांची बोटं वाकली आहेत. हात त्यांनी एकदा इकडे नेला, एकदा तिकडे, आणि मग स्थिर धरला. कप माझ्या हातात तसाच होता. सर भिंतीला टेकून उभे होते.

बराच वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, "प्रणाली, हा वाकड्या बोटांचा हात कोणाचा आहे वं?"