नासवायचं दूध

लढाईच्या दिवसांत दोंडाईच्यात विलायती शक्तीची पूड मिळेना. माझी बायको नुकतीच विषमज्वरातून उठली होती. तिला नुसतं दूध पचत नव्हतं आणि उंबऱ्यापर्यंत चालवत नव्हतं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, त्या डब्यात तरी काय असतं, दुधातलं प्रोटीनच. तापल्या दुधात लिंबू पिळा, फाटलं की गाळा, फडक्यात राहील तो चोथा रोज वाटीभर द्या. अंग भरून येईल.

इतकं सोपं औषध, पण घरात आमची अक्का होती ना! ही माझी विधवा आत्या. चूल तिची, दूधही तिच्याच ताब्यात. दूध नासवलं की म्हशीच्या आचळाला बाधतं, हे तिचं ठाम मत. आपोआप नासलं तर नशीब, पण हातानं नासवायचं? तेही म्हैस नुकती व्यायलेली असताना? मी प्रोटीन समजावून समजावून थकलो. स्वतः लिंबू घेऊन गेलो, तर ती चुलीपुढे आडवी बसली. बरं, एरवी वैशाखात दुपारपर्यंत न टिकणारं दूध, तेसुद्धा मेलं त्या आठवड्यात नासेना.

शेवटी शेजारी दूध मागायला गेलो, तर अक्का माझ्याआधी सांगून आलेली. कुणी पावशेर देईना. इकडे बाई खंगत चाललेली आणि अख्खी गल्ली म्हशीच्या बाजूची. मी कपाळावर हात मारला.

त्या संध्याकाळी चुलीपाशी आमचं कडाक्याचं वाजलं. तेवढ्यात बायको भिंत धरत धरत आत आली. तिनं माझ्या हातातलं लिंबू घेतलं आणि उकळत्या पातेल्यात पिळलं.

"म्हैस मन्हा माहेरनी शे, अक्का," ती म्हणाली. "तिले काई व्हयनं ते दोष मन्हा माथे."

ते खरंच होतं, म्हैस सासऱ्यांनीच दिलेली. अक्का उठली, फडकं आणलं, दूध गाळलं आणि स्वतःच्या हातानं बायकोला भरवायला बसली. रोज भरवलं. फक्त त्याआधी म्हशीला हळदकुंकू लावून तिची माफी मागायची.

पुढे ती गल्लीभर सांगत सुटली, म्हशीनं माफ केलं म्हणून आमची सून उठली. डॉक्टर गेले उडत, माझं लिंबूही गेलं. खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण समोरून बायको विहिरीवरून भरली घागर घेऊन येत होती.