मुरबाडची गोल करवत

दुसरी मोठी लढाई संपली आणि मुरबाडच्या एका कंत्राटदाराने आपली गोल करवत विकायला काढली. ते ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच की, चांगली असेल तर विकतो कशाला?

माझा स्वभावच तसा. बाजारात काकडी घ्यायची तरी आधी देठाकडून चाखल्याशिवाय मी घेत नाही. आणि ही तर करवत होती. बिडाचं टेबल, त्यातून अर्धं वर आलेलं वाटोळं पातं, ते तेलाच्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचं. बैलगाडीत घालून कामावर नेता येईल, अशा बेताची. शहापूरकडच्या आमच्या गावात तोवर असलं कुणी पाहिलं नव्हतं. मला ती हवी होती ती एवढ्यासाठी की, आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, खालून वर काढायचं होतं. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवून फळ्या पाडताना एक सुतार वर उभा राहतो, एक खाली. आबा आयुष्यभर खाली उभे राहिले. सगळा भुसा त्यांच्या छातीत गेला होता आणि आता बोलतानाही त्यांना खोकला यायचा. तरी वर यायला तयार नव्हते.

आम्ही दोघं गाडी जुंपून मुरबाडला गेलो. कंत्राटदाराने चहा दिला, तेव्हाच मी सावध झालो. टेबलाला नवा रंग होता, म्हणजे खाली तडा असणार. मी सूत ताणून टेबलाचे चारी कोपरे पाहिले. सपाट होते. त्याने कापून दाखवायला सावरीची फळी आणली. सावर काय, कोयत्यानेही तुटते. मी गाडीतून ऐनाचा गाठाळ तुकडा काढला, मुद्दाम आणलेला. करवतीने तो गाठीसकट सरळ चिरला. आता मला खरोखरच राग यायला लागला. काहीतरी लपवलेलं आहे आणि ते सापडत नाही, याचा.

मग आबा पुढे झाले. फिरतं यंत्र, मग ती पिठाची चक्की का असेना, आमच्यात डोळ्यांनी पारखत नाहीत. ते चालू ठेवून टेबलावर तळवा टेकायचा, पातं ज्यावर फिरतं तो आतला दांडा वाकडा असेल तर हाताला कळतं. आबांनी तळवा टेकला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हलतंय रे," ते म्हणाले. "दांडा वाकलाय."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. वडलांनी हात लावल्यावर त्याच जागी मुलाने हात लावून बघायचा नसतो, तो त्यांचा अपमान. म्हणून मी लावला नाही. कंत्राटदाराला मात्र नाही नाही ते बोललो. लढाईतलं भंगार आम्हाला खेड्यातली माणसं समजून गळ्यात मारता काय, इथपर्यंत. त्याने एकदा आबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमची मर्जी." चोराला बोलायला तोंड नसतं, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या आठवड्यात सागाच्या ओंडक्यावर रेघ मारत होतो. सुताला तांबडी काव लावून एक टोक आबांनी धरलं, एक मी, आणि मधून सूत उचलून सोडलं. रेघ दुहेरी उठली. मला सुताचा संशय आला, ते बदललं. कावेचा आला, नवी कालवली. पुन्हा दुहेरी. तेव्हा मी पहिल्यांदा आबांच्या हाताकडे नीट पाहिलं. सुताचं टोक धरलेला अंगठा थरथरत होता. थांबतच नव्हता.

खिळे आणायला जातो म्हणून मी एकटाच मुरबाडला गेलो. इंजिन चालू करायला लावलं आणि टेबलावर तळवा टेकला. इंजिनाची बारीक गुरगुर सोडली तर टेबल जागच्या जागी होतं. मला कंत्राटदाराच्या तोंडाकडे बघवेना.

"त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमच्या वडलांच्या देखत काय बोलनार?" तो म्हणाला. "त्यांचा हात कसा हलत व्हता, मी बघितला ना."

इतक्या वर्षांत मी ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांच्यापैकी एकापुढेही मला अशी लाज वाटली नव्हती.

करवत घरी आली. आबांना सांगितलं, दांडा बदलून घेतला. ते नुसतंच हूं म्हणाले. टेबलाला त्यांनी हात लावला नाही. पहिली फळी मी अलीकडून ढकलत होतो आणि ते पलीकडून ओढून घेत होते. खाली उभं राहणं नव्हतं, भुसा त्यांच्या तोंडावर येत नव्हता. पण माझी नजर फळीवरून पुन्हा पुन्हा त्यांच्या बोटांकडे जायची. पात्यापासून किती लांब आहेत, आता किती, आता किती.

"इंजिन बंद कर," आबा म्हणाले.

मी बंद केलं. पातं फिरून फिरून थांबलं.

"दांडा बदलला नाय तू. ठाव हाय मला," ते म्हणाले. "माजा हात कसा हाय, त्येबी ठाव हाय. मी संबालीन त्याला. पन तू सारका माज्याकडं बगतो, नि तुजा अंगठा पात्याला लागत आला व्हता."

मी खाली पाहिलं. माझा हात फळीच्या कडेवर होता, पात्यापासून बोटभर अंतरावर.