धक्क्यापासून चौकापर्यंत

गल्लीत सगळे त्याला कप्तान म्हणायचे. आता कप्तान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र गणवेश आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आल्या असतील, तर त्या आधी पुसून टाका. हा माणूस सव्वीस वर्षं मालवाहू जहाजावर होता हे खरं, पण जहाजाच्या पोटात. इंजिनाला तेल-ग्रीस द्यायचं, पंप खोलायचे, गळणारे नळ आवळायचे, हे त्याचं काम. कप्तान ही पदवी त्याला गल्लीने दिली, आणि ती त्याच्या बातांबद्दल दिली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर बसून तो सांगायला लागला की ऐकणाऱ्यांचे चहा हातातच गार व्हायचे.

बाता कुठल्याही बंदरातून सुटल्या तरी शेवटी स्पेनलाच लागायच्या. त्याचं जहाज तिथल्या एकाच बंदरात अकरा वेळा गेलेलं. तिथल्या रस्त्यांवर म्हणे संत्र्यांची झाडं असतात आणि संत्र्याला कुणी हात लावत नाही. तिथले लोक दुपारचं जेवण तीन वाजता जेवतात. पावावर टोमॅटो घासून खातात, हो, चिरून नाही, घासून. बाकावरचे लोक हसायचे, टाळ्या द्यायचे, पण उठून कुणी जायचं नाही.

आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, निदान कप्तान तरी तसं धरून चालला होता. स्पेनच्या जमिनीवर त्याने एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं.

यात त्याचा दोष काय, तुम्हीच सांगा. जहाज चालू असताना इंजिन खोलता येत नाही. ते धक्क्याला लागलं, इंजिन थंड झालं, की मगच खालच्या लोकांची खरी धावपळ सुरू होते. वरचे खलाशी केस विंचरून, कडक इस्त्रीचे शर्ट घालून शिडी उतरायचे तेव्हा हा खाली कोपरापर्यंत काळ्या तेलात. पहिल्या दोन खेपांना त्याने साहेबाला तासाभराची सुट्टी मागून पाहिली. तिसऱ्या खेपेपासून मागणं सोडलं. जहाजावरचा आचारी तेवढा भाजीपाला आणायला गावात जायचा, आणि परत आला की इंजिनरूमच्या दारात बादली पालथी घालून बसायचा आणि काय काय बघितलं ते सांगायचा. कप्तान ते ऐकायचा आणि तिखटमीठ लावून घरी आणायचा.

सुरुवात मात्र बायकोपासून झाली होती. स्पेनच्या पहिल्या खेपेहून दहा महिन्यांनी तो घरी आला तेव्हा पाळण्यात तीन महिन्यांचा मुलगा होता. बाळंतपण तिने एकटीने निभावलेलं. तिने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, एवढंच विचारलं की तो देश कसा आहे हो. आता तिला काय सांगायचं? की मी दोन दिवस एका पंपाचं तोंड बघत होतो? त्याच्या तोंडून निघून गेलं की तिथे एक चौक आहे. मधोमध कारंजं आहे, संत्र्याच्या झाडाखाली दगडी बाक आहे. त्या बाकावर मी बसलो होतो, टोमॅटो घासलेला पाव अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा काही घशाखाली उतरेना, कारण तू नव्हतीस. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं, पुढे माघार घ्यायला वावच उरला नाही. दर खेपेला चौक वाढत गेला. खिडक्यांत कुंड्या आल्या, कबुतरं आली, आणि अकराव्या खेपेला तर त्या कबुतरांनी त्याला ओळखलंसुद्धा.

जहाजावरची नोकरी सुटून चौदा वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला लागला, सून औषधांच्या दुकानात काम करत सासू-सासऱ्यांजवळ राहिली. आणि एका रविवारी या सूनबाईंनीच टीव्हीवर ती मालिका शोधून काढली. एक उंच, मोकळ्या केसांची बाई स्पेनभर गावोगाव फिरते, लोकांच्या चुलीपाशी जाऊन बसते आणि जे वाढतील ते खाते. आवाज आपल्या भाषेत बसवलेला. दर रविवारी दुपारी चार वाजता.

"बाबा, या लवकर, तुमचा देश लागलाय," सूनबाई म्हणाली.

बायको तर हातातलं काम टाकून, पदराने चष्मा पुसत थेट समोर जाऊन बसली. आज आपलं पितळ उघडं पडणार असं समजून कप्तान दाराशेजारच्या खुर्चीत टेकला, म्हणजे वेळ आलीच तर सटकता यावं.

पण पहिल्या दहा मिनिटांतच तो सटकायचं विसरला. पडद्यावर खाटेएवढी पसरट कढई उघड्या जाळावर ठेवली होती. तीत भात शिजत होता, इतका पातळ पसरलेला की बोटाचं पेरही बुडू नये. शिजल्यावर आठ माणसं कढईभोवती चमचे घेऊन बसली आणि कडेकडून आत खात निघाली. प्रत्येकाने आपल्यापुरता वाटा खायचा, शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. मध्ये भिंत नाही, रेघ नाही, तरी कुणी कुणाचं खाल्लं नाही. कप्तान आ वासून बघत राहिला. आचाऱ्याने हे कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तळघर आलं. छताला डुकराच्या शेकडो तंगड्या टांगलेल्या, काही तर चार-चार वर्षांपासून. एक म्हातारा हाडाची बारीक सुई एकेका तंगडीत खुपसायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचा की हिला अजून सहा महिने. बस, नुसत्या वासावर! कप्तानसुद्धा इंजिनाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाशी धरायचा आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा. सव्वीस वर्षांत त्याबद्दल कुणी त्याच्यावर कॅमेरा रोखला नव्हता. तो म्हातारा त्याला एकदम घरचा वाटला.

आणि मग तो पाव आला. बाईंनी भाजलेल्या पावावर अर्धा टोमॅटो धरला आणि खसाखसा घासला. लाल रस पावात मुरला, हातात नुसती साल उरली. वरून तेलाची धार आणि मीठ. कप्तान खुर्चीतून अर्धा उठला. कारण खरं सांगायचं तर त्याला इतकी वर्षं वाटत होतं की आचारी थापा मारतोय. शेवटी तर रस्त्यावर संत्र्यांची झाडंसुद्धा दिसली, फळांनी लगडलेली, आणि खालून माणसं मान वर न करता चाललेली. जे आपण खोटं म्हणून सांगत आलो ते सगळं तिकडे खरंखुरं चाललेलं आहे, या विचाराने त्याचं डोकं चक्रावलं.

बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. अगदी तुम्ही म्हणाला होतात तस्संच आहे हो, म्हणाली. तेवढ्यात पडद्यावर पुढच्या भागाची झलक आली. पुढच्या रविवारी तेच बंदर. त्याचं बंदर.

"म्हणजे आता तुमचा चौक दिसणार," बायको म्हणाली.

पाव आचाऱ्याचा होता, संत्री आचाऱ्याची होती. चौक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कप्तानाच्या डोक्यातून निघालेला. बाकावरच्या लोकांचं त्याला काही नव्हतं, ते हसले असते आणि विसरले असते. पण बायको पस्तीस वर्षं तो अर्धा पाव मनात जपून बसली होती. तो खोटा निघाला तर तिच्यासाठी आपलं खरं काय उरलं? आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही.

रविवार उजाडला. सूनबाईंची दुकानात पाळी होती. पावणेचारला बायकोने टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. कप्तानाने पाठीमागे वाकून बराच वेळ खुडबुड केली आणि बिघाड काही सापडत नाही असं जाहीर केलं. अख्ख्या गल्लीचे मिक्सर, पंखे आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक वायर सापडेना! बायकोने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती उठली, टीव्हीमागे हात घातला, सैल केलेली पिन दाबून बसवली आणि परत जागेवर येऊन बसली.

भाग समुद्रावरूनच सुरू झाला. कॅमेरा धक्क्यावर आला आणि कप्तानाने खुर्ची पुढे ओढली. माल उचलायची ती पिवळी उंच यारी, दोर बांधायचे ते बुटके लोखंडी खुंट, त्यांच्यावरचा गंज. जहाजाच्या गोल खिडकीतून त्याने हे एवढंच पाहिलेलं. त्यापुढचं जग त्या खिडकीत कधी मावलंच नव्हतं. आता ती मोकळ्या केसांची बाई पुढे चालायला लागली आणि कॅमेरा तिच्या मागोमाग, कुठेही न थांबता. फाटक आलं. रस्ता आला. एक अरुंद गल्ली आली, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. गल्ली संपली आणि समोर चौक उघडला.

कप्तानाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. धक्क्यापासून इथवर सहा मिनिटं. अकरा खेपा तो या चौकापासून सहा मिनिटांवर पंप खोलत बसला होता.

कारंजं नव्हतं. संत्र्याचं झाड नव्हतं, दगडी बाकही नव्हता. रंगीत छपरांखाली टेबलं होती, पोरं भिंतीवर चेंडू मारत होती, चार म्हाताऱ्या एकाच ताटलीतून तळलेले छोटे मासे उचलत होत्या आणि कशावर तरी पोट धरून हसत होत्या. सगळ्यांवर संध्याकाळचं पिवळं ऊन. कप्तानाच्या मनात आलं, मला एवढं चांगलं खोटं रचताच आलं नसतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

"अगं, मी तिथे गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "एकदाही नाही. अकरा वेळा गेलो आणि बोटीतच होतो."

बायकोची नजर पडद्यावरून हलली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या खेपेपासून."

मग तिने सांगितलं ते असं. बाहेर फिरायला म्हणून तिने त्याला तपकिरी बूट घेऊन दिले होते, चामड्याच्या तळव्यांचे. दर खेपेला तीच ते बॅगेत भरायची. तो घरी आला की तीच बॅग रिकामी करायची, आणि बूट उलटे करून बघायची. तळवे दुकानातून आणल्यासारखे कोरे. ती त्यांना पॉलिश करायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा भरायची, या वेळी तरी उतरतील म्हणून.

बोलली का नाहीस, असं त्याने कसंबसं विचारलं.

"शेजारणींचे नवरे बाहेरून साबण आणायचे, अत्तरं आणायचे," ती म्हणाली. "तुम्ही त्या उकाड्यात बसून माझ्यासाठी अख्खा चौक रचून आणायचात. तो मी कशाला मोडू?"

मग आज एवढं बघायला का बसलीस, म्हणाला. तर म्हणाली, तुमचा चांगला की त्यांचा, ते बघायचं होतं. त्यांचा चांगला आहे, कप्तानाने प्रामाणिकपणे कबूल केलं. कारंजं असतं तर बरं झालं असतं, एवढंच ती म्हणाली.

भाग संपल्यावर ती आत गेली आणि कपाटावरचा पुठ्ठ्याचा खोका काढून आणला. बूट आत होते, तेल लावून ठेवलेले. कोपऱ्यावरून पाव आणि चांगले पिकलेले टोमॅटो आणा, म्हणाली, आणि हे घालून जा. कप्तानाचे पाय आता फुगलेले, बुटांच्या नाड्या काही पुऱ्या बांधता आल्या नाहीत. तरी तो गेला. बाकावरच्या लोकांनी हाका मारल्या, कप्तान, आज बूटबीट घालून कुठे दौरा, पण आज पहिल्यांदाच तो बाता मारायला थांबला नाही.

परत येऊन त्याने दारात बूट काढले. बायकोने पिशवी बाजूला ठेवली, एक बूट उचलला, उलटा केला आणि चष्म्यातून नीट बघितला. तळव्याला चिखल लागला होता, टाचेत एक बारीक खडा रुतला होता. तो तिने काढला नाही. बूट परत खोक्यात न ठेवता तिने दाराशी चपलांच्या रांगेत ठेवले आणि टोमॅटो धुवायला घेतले.